चाकणची नोकरी सोडून जिनिंग किंवा डाळ उद्योगात यावे का?

प्रश्न (राळेगाव, जि. यवतमाळ)
मी यांत्रिकी अभियंता असून चाकणच्या एका कारखान्यात वाहनांच्या सुट्या भागांची गुणवत्ता तपासतो. पगार वेळेवर होतो, वरिष्ठही चांगले आहेत. मात्र दिवसभर तपासलेल्या मापांचे पुढे कोणाला काय होते, हे कधी दिसत नाही. घरी कोरडवाहू शेती आहे, कपाशी आणि तूर निघाली की आहे तशी विकून मोकळे व्हायचे, हीच रीत. आपल्याच भागात प्रक्रिया उद्योगात काम करावे असे मनापासून वाटते. वडिलांना हे मुळीच मान्य नाही. माझा अनुभव इकडे उपयोगी पडेल, की सारे पहिल्यापासून शिकावे लागेल?

उत्तर (हिंगणघाट)
दादा, निम्मे काम तुम्हाला आताच येते. आपल्याकडच्या डबल रोलर जिनमध्ये (कापसातील सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रात) रोलरवरील खाचा झिजल्या किंवा पात्यांची जुळणी बिघडली की सरकीला रुई चिकटून राहते आणि तंतूलाही इजा होते. तरीही पुष्कळ ठिकाणी ही जुळणी फिटर नजरेनेच करतो आणि तिची नोंद कोणी ठेवत नाही. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई मिळते आणि एक गाठ 170 किलोची असते, तेव्हा क्विंटलमागे अर्धा किलो सरकीबरोबर गेला तर हंगामाअखेर किती गाठी बुडाल्या, हे गुणवत्ता विभागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ओलाव्याचेही तेच. ढीग वरून कोरडा दिसतो, कोपरापर्यंत हात घातला की आतली ओल लागते, आणि मालकाला मोजमापापेक्षा स्वतःच्या हातावर अधिक भरवसा असतो (तो हात पुष्कळदा बरोबरही असतो, हे मान्य करायला हवे). नागपूरला ‘सिरकॉट’ या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे आधी चौकशी करावी. हंगाम संपल्यावर पगार चालू राहतो का, हे मात्र पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

उत्तर (दर्यापूर, जि. अमरावती)
मी स्थापत्य अभियंता आहे आणि सध्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे काम पाहते. डाळीचा विचार असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दाल मिल चालताना पाहून या. यंत्र समजायला तुम्हाला वेळ लागणार नाही. अडते ते खेळत्या भांडवलापाशी. तूर घरी आली की शेतकऱ्याला उधारी फेडायची असते, त्यामुळे कंपनीकडे त्या आठवड्यात रोख रक्कम नसेल तर सभासदसुद्धा माल व्यापाऱ्याला घालतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. म्हणून राजीनाम्याआधी बँकेचे कर्ज प्रकरण कसे चालते ते जवळून पाहा.

प्रश्नकर्ता
ताई, दादा, आभारी आहे. डिसेंबरमध्ये बिनपगारी रजा काढून येतो. हिंगणघाटच्या दादांच्या ओळखीत कोणी महिनाभर फिटरच्या हाताखाली उभे राहू देणार असेल तर कृपया कळवावे. मोबदल्याची अपेक्षा नाही.