जेम्स केअर्ड: साडेबावीस फुटी बोट ८०० मैल टिकली ती नेमकी कशामुळे?

सागरवेल

अंटार्क्टिकाला निघालेल्या शॅकल्टनच्या एन्ड्युरन्स मोहिमेबद्दल माझ्या वाचनात जे आलं, त्यात धैर्य आणि नेतृत्व भरपूर आहे. लाकूड, खिळे, चरबी, पाणी यांचा हिशेब मात्र लागत नाही. घटनाक्रम मला माहीत आहे. जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रात एन्ड्युरन्स जहाज बर्फात अडकलं, २७ ऑक्टोबरला सोडून द्यावं लागलं, २१ नोव्हेंबरला बुडालं. एप्रिल १९१६ मध्ये २८ जण तीन बोटींनी एलिफंट बेटावर पोचले. २४ एप्रिलला सहा जण जेम्स केअर्ड घेऊन निघाले आणि १० मे रोजी साउथ जॉर्जियाला लागले.

मला हवं आहे ते असं: उघडी बोट त्या समुद्रासाठी सज्ज कशी केली? फॉकलंड जवळ असताना साउथ जॉर्जिया का निवडलं, आणि ते सापडलं कसं? शिवाय मागे राहिलेले २२ जण चार महिने काय खाऊन जगले, आणि त्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, कसा झाला नाही?

---

डोलकाठी

बोटीबद्दल सांगतो. श्रेय मोठ्या प्रमाणात सुतार हॅरी मॅकनिशचं आहे, आणि ते त्याला द्यायला हवं.

पहिलं काम बर्फावरच्या छावणीत झालं. मोडलेल्या जहाजाचं लाकूड आणि खिळे काढून त्याने केअर्डच्या बाजू सुमारे १५ इंचांनी उंच केल्या. फटी बुजवायला नेहमीचं साहित्य नव्हतं, म्हणून दिव्याच्या वाती ठोकून भरल्या आणि वरून चित्रकार मार्स्टनचे तैलरंग लिंपले. सीलचं रक्तही लेपासाठी वापरलं.

दुसरं काम एलिफंट बेटावर, निघण्याआधीच्या काही दिवसांत. स्लेजच्या पट्ट्या आणि खोक्यांची झाकणं आडवी टाकून सांगाडा केला आणि त्यावर कॅनव्हास ताणला. कॅनव्हास गोठून लाकडासारखा कडक झाला होता. चरबीच्या चुलीवर थोडा थोडा भाग शेकायचा, मऊ झाला की लगेच शिवायचा, सुई पकडीने ओढून काढायची. कणा मोडू नये म्हणून दुसऱ्या बोटीची डोलकाठी आत लांबीच्या दिशेने बांधली. हे फार महत्त्वाचं. मोठ्या लाटेवर बोट मधोमध तोलली जाते, दोन्ही टोकं लोंबतात आणि कणा वाकतो.

या छताचा दोष म्हणजे सांगाडा कमजोर होता. दोन आधारांमध्ये कॅनव्हास खोलगट व्हायचा, त्यात पाणी साचायचं आणि शिवणीतून आत गळायचं. सहाही जण सतत भिजलेले होते, त्याचं हे एक कारण.

दुसरी चूक माझ्या मते नीरमाची, म्हणजे तळाला घातलेल्या वजनाची. घोंगड्यांच्या पिशव्यांत दगड आणि वाळू भरून, शिवाय सुटे धोंडे टाकून सुमारे एक टन वजन घातलं. कप्तान फ्रँक वर्स्लीचं म्हणणं होतं की हे जास्त होतंय. शॅकल्टनला बोट उलटण्याची भीती होती, त्यामुळे तेच ठरलं. वजन फार खाली असलं की बोट डुलत नाही, झटके देत उसळी मारते, आणि लाटेवर चढण्याऐवजी ती अंगावर घेते. पण हलकी बोट त्या वाऱ्यात उलटली असती तर सगळंच संपलं असतं, म्हणून शॅकल्टनला मी पूर्ण दोष देत नाही.

पाण्याची दोन पिंपं होती, प्रत्येकी १८ गॅलनची. बोट समुद्रात लोटताना एक पिंप खडकावर आपटलं आणि त्यात खारं पाणी शिरलं. हे कळलं शेवटच्या दिवसांत, पहिलं पिंप संपल्यावर. जमीन दिसत असताना ते तहानेने व्याकूळ होते ते यामुळे.

उपसण्याचा पंप छायाचित्रकार फ्रँक हर्लीने जहाजाच्या होकायंत्राजवळच्या धातूच्या नळीपासून बनवला होता. तो चालायचा, पण रेनडिअरच्या कातड्याच्या झोपायच्या पिशव्यांचे केस झडून त्यात अडकायचे. तेच केस जेवणातही यायचे.

आणखी एक संकट बर्फाचं. थंडी वाढली तेव्हा उडालेलं पाणी छतावर, दोरांवर गोठत गेलं. बोट जड होऊन उभी राहीना. आळीपाळीने एकेकाने गोठलेल्या छतावर रांगत जाऊन कुऱ्हाडीने बर्फ फोडला. जादा वल्ही आणि दोन झोपायच्या पिशव्या समुद्रात टाकल्या, कारण त्याही भिजून गोठून वजनच झाल्या होत्या.

---

अक्षांश५४

दिशेचं मी सांगते. फॉकलंडमधलं पोर्ट स्टॅनली सुमारे ५४० मैल, साउथ जॉर्जिया सुमारे ८०० मैल. नकाशावर फॉकलंड सोपं वाटतं. पण त्या पट्ट्यात वारा आणि प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे सतत चालतात. फॉकलंड म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जाणं, आणि अशा जड, लहान शिडाच्या बोटीला ते शक्य नव्हतं. दूरचं पण वाऱ्याच्या वाटेवरचं बेट निवडणं हाच बरोबर हिशेब.

सूर्य सोळा दिवसांत चारदाच धड दिसला. दुपारच्या उंचीवरून अक्षांश मिळतो, त्याला घड्याळाची गरज नसते. रेखांशाला मात्र अचूक वेळ लागते. निघताना जहाजावर २४ क्रोनोमीटर (समुद्रावरची अचूक घड्याळं) होते, चालू स्थितीत एकच उरला होता. घड्याळात ४ सेकंदांची चूक झाली की रेखांशात १ मिनिटाची चूक, म्हणजे त्या अक्षांशावर सुमारे १ किलोमीटर. एक मिनिट चुकलं तर सुमारे १६ किलोमीटर.

मोजण्याची अडचण वेगळीच होती. वर्स्ली बोटीच्या आडव्या फळीवर गुडघे टेकायचा, दोघे त्याला धरून ठेवायचे. बोट लाटेच्या माथ्यावर आली की क्षणभर खरं क्षितिज दिसायचं. खळग्यात असताना पुढची लाटच क्षितिज म्हणून दिसते आणि कोन चुकतो. तेवढ्या क्षणात सेक्स्टंटवर, म्हणजे कोन मोजायच्या यंत्रावर, सूर्याचा कोन घ्यायचा आणि ओरडायचं, मग दुसऱ्याने घड्याळ वाचायचं. गणिताची कोष्टकं भिजून पानं चिकटली होती, ती सोलून काढावी लागत. मधल्या दिवसांत होकायंत्र, वेगाचा अंदाज आणि वहाव यांवरच भिस्त.

बेट जवळ आल्यावर वर्स्लीने शॅकल्टनला स्पष्ट सांगितलं की १० मैलांपर्यंतच्या चुकीची खात्री देता येत नाही. देवमासे मारणाऱ्यांची ठाणी बेटाच्या पलीकडच्या बाजूला होती. तिथे थेट जायला गेलं आणि बेट हुकलं, तर वाऱ्याविरुद्ध परत फिरणं अशक्य. म्हणून मुद्दाम अलीकडचा, निर्जन पश्चिम किनारा धरला. त्याची किंमत मोजावी लागली: शॅकल्टन, वर्स्ली आणि टॉम क्रीन यांना बेटाचे डोंगर पायी ओलांडावे लागले. त्या अंतर्भागाचा नकाशाच नव्हता. १९ मे रोजी पहाटे ३ वाजता निघाले. तंबू नाही, झोपायची पिशवी नाही. बरोबर प्रायमस स्टोव्ह, तीन दिवसांचं अन्न, ५० फूट दोर आणि बर्फाच्या कुऱ्हाडीऐवजी सुताराची वाकस. बुटांच्या तळव्यात केअर्डमधले स्क्रू बसवले, प्रत्येकी आठ. अशा हलक्या सामानाने उघड्यावर थांबायची सोयच नसते. ३६ तासांत ते स्ट्रॉमनेसच्या ठाण्यावर पोचले.

---

सागरवेल

@डोलकाठी @अक्षांश५४ अगदी हेच हवं होतं. बोटीत खाणं-पिणं कसं जमवत होते? प्रायमस उलटत कसा नव्हता?

---

डोलकाठी

दोघे समोरासमोर पाठ टेकून बसायचे आणि स्टोव्ह पायांमध्ये घट्ट धरायचे. भांडं हाताने धरून लाट आली की उचलायचं. स्लेजवरच्या प्रवासासाठी बनवलेलं मांस-चरबीचं मिश्रण, माणशी अर्धा पौंड, गरम करून प्यायचं, जोडीला बिस्किटं आणि साखरेचे खडे. रात्रीच्या पाळीला गरम दूध. पहाऱ्यावर तिघे, पाळी चार तासांची.

---

चरबीची चूल

एलिफंट बेटाचं राहिलंच होतं. उरलेल्या दोन बोटी दगडांच्या सुमारे चार फुटी भिंतींवर उलट्या ठेवल्या, भोवती तंबूचं कापड बांधलं, फटींत बर्फ आणि चिंध्या. आत सरळ उभं राहता येत नसे. इंधन पेंग्विनची चरबीवाली कातडी, दिव्याला सार्डिनचा डबा, त्यात सीलची चरबी आणि सर्जिकल बँडेजची वात.

स्कर्व्ही न होण्याचं कारण सरळ आहे. ते सील आणि पेंग्विनचं ताजं मांस खात होते; अशा मांसात थोडं का होईना क जीवनसत्त्व असतं, आणि मांस फार वेळ शिजवलं नाही तर ते टिकतं. दुसरी गोष्ट चरबीची. नुसतं बिनचरबीचं मांस खाऊन माणूस पोट भरलेलं असतानाही खंगतो, कारण यकृत प्रथिनांपासून ठरावीक मर्यादेपर्यंतच ऊर्जा काढू शकतं. इथे चरबी मुबलक होती, म्हणून मांसाहार निभावला.

पर्स ब्लॅकबोरोच्या डाव्या पायाची बोटं हिमदंशाने सडली होती. १५ जूनला डॉक्टर मॅकइलरॉयने डॉक्टर मॅकलिनच्या मदतीने ती कापली. त्याआधी झोपडी चुलीने खूप तापवावी लागली, कारण थंडीत क्लोरोफॉर्मची वाफच होत नाही. शॅकल्टनचे पहिले तीन प्रयत्न बर्फामुळे फसले. ३० ऑगस्टला चिलीचं येल्चो जहाज, लुइस पार्दोच्या हाताखाली, पोचलं आणि २२ च्या २२ जण निघाले.

एक दुरुस्ती मात्र आग्रहाने करते. 'या मोहिमेत एकही माणूस गेला नाही' असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. ते फक्त वेडेल समुद्राच्या तुकडीला लागू पडतं. अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूने रॉस समुद्रातून धान्याचे साठे लावणारी तुकडी होती, तिच्यातले तिघे गेले. स्पेन्सर-स्मिथ मार्च १९१६ मध्ये स्कर्व्हीने, आणि मॅकिन्टॉश व हेवर्ड मे महिन्यात कोवळ्या समुद्री बर्फावरून चालत गेले ते दिसलेच नाहीत. ताज्या मांसाचा फरक बघायचा तर या दोन तुकड्या शेजारी ठेवून बघा.

---

अक्षांश५४

बरोबर, ते लिहायला हवंच होतं. वर्स्लीच्या मोजणीबद्दल एक भर: जहाज बुडालेली जागा त्याने नोंदवली होती. ५ मार्च २०२२ रोजी एन्ड्युरन्स ३००८ मीटर खोलीवर सापडलं, त्याच्या नोंदीपासून सुमारे ४ मैल दक्षिणेला.