डीप कोव्ह आणि इंडियन आर्म : पाण्यावरचे तुमचे अनुभव सांगा

जुलैत आई चिपळूणहून आमच्याकडे व्हँकुव्हरला येतेय. वय 64. पोहता येत नाही, पण वाशिष्ठीकाठी वाढलेली, त्यामुळे पाण्याची ओढ जबरदस्त. तिला इथल्या डीप कोव्ह या किनाऱ्यावरून कायाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीत, बसवायचं फार मनात आहे. इंडियन आर्म म्हणजे हिमनदीने कोरलेला, साधारण 20 किलोमीटर लांबीचा फ्योर्ड, डोंगरांत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. दोन्ही बाजूंनी डोंगर, त्यामुळे उघड्या समुद्राची लाट आत पोचत नाही, एवढं मला ठाऊक आहे. तिथे कायाक किंवा पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) चालवलेल्या सगळ्यांनी मनमोकळं लिहा. घाबरवणारं असेल तर तेही लिहा.

*

आईंना नक्की न्या, पण सकाळी न्या.

आम्ही दोघं ऐन उन्हाळ्यात अकरा वाजता निघालो. ट्विन आयलंड्सपर्यंत कसे पोचलो कळलंही नाही. हात चांगले चालतायत असं वाटत होतं, पण खरं तर वारा पाठीमागून ढकलत होता. ऊन तापलं की समुद्राकडचा वारा फ्योर्डमध्ये शिरतो. तीनला परत फिरलो तेव्हा तोच वारा तोंडावर. वल्हं दोन क्षण थांबवलं की कायाक मागे जायची. काठाकाठाने, एका खडकाच्या आडोशाहून दुसऱ्या खडकाच्या आडोशाला असं करत आलो. जायला लागला त्याच्या दुप्पट वेळ यायला लागला आणि रात्री मनगट सुजलं. तेव्हापासून आठला पाण्यात, दुपारच्या आत बाहेर, हा आमचा नियम आहे.

*

मी लिहितेय ते आईंसाठी नाही, पॅडलबोर्डवाल्यांसाठी आहे.

मे महिना, वीस-बावीस अंशांचं छान ऊन, अंगात टी-शर्ट. लाइफ जॅकेट होतं, पण बोर्डावर पुढे दोरीखाली अडकवलेलं. एक मोटरबोट लांबून गेली, तिच्या लाटा आल्या, बोर्ड आडवा सापडला आणि मी पाण्यात. मला उत्तम पोहता येतं, पुण्यात शाळेच्या संघात होते. पण त्या थंडीने असा श्वास खेचला गेला की पाणी तोंडात गेलं, आणि पुढचा श्वास माझ्या ताब्यातच नव्हता. हात बोर्डाच्या कडेला लागत होते, बोटं मात्र मिटत नव्हती. घोट्याला बांधलेल्या दोरीमुळे बोर्ड लांब गेला नाही, म्हणून आज हे लिहितेय. नंतरच्या वर्गात शिकवलं की गार पाण्यात पहिलं एक मिनिट फक्त श्वास सांभाळायचा, बाकी सगळं नंतर. जॅकेट अंगात असेल तरच ते मिनिट मिळतं. हवा बघून कपडे घालू नका, पाणी बघून घाला. आणि लाट आली की बोर्डाचं नाक तिच्याकडे वळवा.

*

दोघांच्या कायाकमध्ये आईंना पुढे बसवा, तुम्ही मागे. सुकाणूची पायटी मागे असते. पुढच्याच्या तालावर मागच्याने वल्हवायचं, नाहीतर पाती एकमेकांवर आपटतात.

*

वरती गेलात तर पूर्वेच्या काठावर बन्त्झेनची दोन वीजघरं दिसतील. पहिलं 1903 सालचं, व्हँकुव्हरला पाण्यावरची वीज पहिल्यांदा मिळाली ती तिथून. दुसरं 1914 चं. वरच्या तलावाचं पाणी वीज करून थेट फ्योर्डमध्ये सुटतं, तेही अचानक, म्हणून त्यांच्यापासून लांबच राहा. चिपळूणच्या आईंना हे समजावून सांगावं लागणार नाही, कोयनेचं पाणी वीजघरांतून वाशिष्ठीत उतरताना त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. आणखी एक, हे पाणी मुळात इथल्या आदिवासी स्लेवाटूथ लोकांचं. त्यांच्या नावाचा अर्थच ‘खाडीचे लोक’. मी दरवेळी आधी हे मुलांना सांगतो, मग वल्हं हातात देतो.

*

ऑगस्टच्या अखेरीस, अमावास्येच्या आसपास, वाटाड्याबरोबर रात्री गेले होते. वल्हं पाण्यात बुडवलं आणि पात्याभोवती निळसर उजेडाचा भोवरा उठला. वर उचललं तर थेंबही पेटलेले. रत्नागिरीला लहानपणी लाटा अशा चमकताना पाहिल्या होत्या. अठरा वर्षं परदेशात राहून पहिल्यांदाच ‘आपल्याकडे’ असं न म्हणता गप्प बसून राहिले.

*

धागाकर्ती पुन्हा लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो.

सकाळी साडेआठ, पाणी ताटासारखं सपाट. आईने पंजाबी ड्रेसवर जॅकेट चढवलं आणि त्याचे पट्टे स्वतः तीनदा ओढून पाहिले. समोरच्या जग आयलंडपर्यंतच गेलो. पहिली दहा मिनिटं तिने वल्हं मांडीवर आडवं धरून ठेवलं होतं, मी काही बोलले नाही. मग एक सील वर आला, ओल्या नारळासारखं डोकं, आणि आमच्याकडे बघत राहिला. आई पण बघत राहिली. तो बुडाल्यावर तिने हात पाण्यात घातला, बोट जिभेला लावलं आणि मान वळवून म्हणाली, “अगं, खारं आहे! मला कधीचं धरणच वाटत होतं.”

मग तिने वल्हं उचललं. परत येताना मी तिच्या तालावर होते.