पोलीस-फायरवाल्यांचा रोडिओ: टॅक्सच्या पैशावर माज की हक्काचा विरंगुळा?

सॅनअँटोनिओची_आजी:
परवा टेक्सासच्या मराठी ग्रुपवर एकाने रोडिओचा, म्हणजे काउबॉय लोकांच्या घोडे-बैलांच्या खेळांचा, व्हिडिओ टाकून खाली लिहिलं, "पोलीस, फायरवाले, मिलिटरीवाले आणि त्यांच्या बायकापोरांसाठी खास रोडिओ म्हणे! पगार आपल्या टॅक्समधून आणि हे बैलांवर नाचतायत." तेव्हापासून डोकं तापलंय माझं. माझा जावई फायर डिपार्टमेंटला आहे, सलग 24 तासांची ड्युटी, दिवाळी नाही की ख्रिसमस नाही. टॅक्सचा काय संबंध हो? एन्ट्री फी स्वतःच्या खिशातून, बक्षिसाचा बराच पैसा त्या फीमधूनच उभा राहतो, घोडा स्वतःचा, ट्रेलर स्वतःचा, डिझेलही स्वतःचं. आणि बैलावर 8 सेकंद टिकायला जाणारे थोडेच, बाकीचे टीम रोपिंग, म्हणजे दोघांनी घोड्यांवरून एका गोऱ्ह्याला फास टाकायचा, नाहीतर बॅरल रेसिंग करतात, म्हणजे तीन पिंपांना वळसे घालत घोडा पळवायचा, त्यात तर बायकाच पुढे. सैन्यातल्यांची स्वतंत्र संघटना आहे, प्रोफेशनल आर्म्ड फोर्सेस रोडिओ असोसिएशन, तिथे नोकरीतले, निवृत्त, घरचे सगळे उतरतात. नवरा परदेशात पोस्टिंगला असताना एकटीने घर ओढणारी बाई रविवारी घोड्यावर बसली तर कुणाच्या पोटात का दुखावं?

वऱ्हाडी_डॅलस:
काकू, टॅक्सचा मुद्दा फालतू आहे, मान्य. पण वासराचं काय? टाय-डाउन रोपिंग बघा एकदा, पळत्या वासराच्या गळ्यात फास पडतो, ते गर्रकन मागे फेकलं जातं, मग उचलून आपटायचं आणि तीन पाय बांधायचे. ब्रिटनमध्ये 1934 च्या कायद्यानेच रोडिओवर बंदी आली, जवळपास शतक होत आलं. ज्यांच्याकडे दुबळ्यांचं रक्षण करायची नोकरी आहे त्यांनीच सुट्टीच्या दिवशी हे करावं हे मला पटत नाही.

घाटातला_गडी:
आले प्राणीप्रेमी. तुमच्यासारख्यांमुळेच 2014 ला आमच्या बैलगाडा शर्यती बंद पडल्या. आंबेगाव तालुक्यातले आम्ही, आजोबांची खिल्लार जोडी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळायची, पोरांच्या आधी बैलांना खुराक मिळायचा. बंदी आली, पोसणार कसं, विकली. कुठे गेली ते विचारू नका. डिसेंबर 2021 ला कोर्टाने परवानगी दिली, मे 2023 ला घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं, तोवर आमचा गोठा रिकामा आणि आजोबाही गेले.

वऱ्हाडी_डॅलस:
आजोबांचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण बंदी हवेतून आली का? आमच्याकडच्या शंकरपटात, म्हणजे विदर्भातल्या बैलांच्या शर्यतीत, मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय, शेपटी पिरगाळणं, पुराणीनं टोचणं, रक्त यायचं. आता 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद आहे, चाबूक-काठी चालत नाही. बंदी आली नसती तर हे नियम कुणी केले असते?

घाटातला_गडी:
चार हरामखोर टोचतात म्हणून सगळा तालुका गुन्हेगार? पुण्याकडे बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सेकंदावर मोजतात, पुढे घोडी पळते, मागे बैल आपल्या मनाने पळतो. तुमच्या पटावरून आमच्या घाटाला नावं ठेवायची नाहीत. शर्यत बंद झाली की आधी बैल संपतो, हे तुम्ही डॅलसला बसून नाही समजणार.

सई_ह्यूस्टन:
बैलगाडा वेगळ्या धाग्यावर न्या प्लीज. मी इथे ट्रॉमा वॉर्डात नर्स आहे. 1989 ला शायेनच्या रोडिओत लेन फ्रॉस्टसारखा वर्ल्ड चॅम्पियन बैलाच्या धडकेने गेला, त्यानंतर छाती वाचवणारी जाड व्हेस्ट आली. तरी फुटलेल्या बरगड्या घेऊन माणसं येतातच. काकू, घरच्यांचं कौतुक करताय ना, मग नवरा महिनोनमहिने अंथरुणावर पडला की उस्तवार कोण करतं? तीच बायको. आणि मटन बस्टिंगला पाच-सहा वर्षांची पोरं मेंढीवर बसवतात, त्यांना कुणी विचारलं?

सॅनअँटोनिओची_आजी:
सई, तुझं काम मोठं आहे, पण वॉर्डात पडलेलेच येतात, सावरलेले येत नाहीत. जावयाच्या स्टेशनवरचा एक मुलगा एका आगीनंतर बोलायचाच बंद झाला होता. आगीतून लहान लेकरू काढलं होतं त्याने, वाचलं नाही. बायको त्याला घोड्यांकडे घेऊन गेली, आता दोघं मिळून टीम रोपिंग करतात. ती मला म्हणाली, नवरा परत मिळाला. मेंढीवर मात्र मी माझ्या नातीला बसू देत नाही, तेवढं तुझं खरं.

वऱ्हाडी_डॅलस:
हे वाचून बैलावरच्या पोलिसांशी भांडायची इच्छा राहिली नाही. वासरावर मात्र ठाम आहे. ब्रेकअवे रोपिंग आहे की, दोर खोगिराला बारीक सुतळीने बांधतात, वासराला ताण बसताच सुतळी तुटते, ते पडतही नाही. टाय-डाउन बंद करून तेच ठेवा.

सॅनअँटोनिओची_आजी:
ब्रेकअवे बायका करतातच. पुरुषांनीही करावं हे जावयाला सांगून बघते, पण तो टाय-डाउनवाला आहे, ऐकणार नाही.

घाटातला_गडी:
काकू, त्याला सांगूच नका. आज दोर जाईल, उद्या घोडा जाईल.