मदत हवी आहे: क्विझ लवकर सोडवणाऱ्यांना बोनस द्यायचाय, तुक्केबाजांना नाही

प्रश्नपेटी:
नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासगटासाठी मी मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या सॉफ्टवेअरवर सामान्यज्ञानाची क्विझ चालवते. २० प्रश्न, प्रत्येकी ५ गुण, १५ मिनिटं वेळ, निगेटिव्ह मार्किंग नाही. गट आता तयारीचा झालाय, त्यामुळे दर वेळी चार-पाच जण शंभरपैकी शंभर घेऊन बरोबरीत येतात आणि मग "पहिला नंबर कोणाचा?" यावर चर्चासत्र सुरू होतं. म्हणून लवकर सोडवणाऱ्यांना बोनस द्यावा असं ठरतंय.

सगळ्यात सोपा नियम म्हणजे उरलेल्या प्रत्येक मिनिटाला १ गुण. पण लागू करण्याआधी कागदावर मांडून बघितला तर गंमतच झाली. २० पैकी २० बरोबर, वेळ १४ मिनिटं: १०० अधिक १, म्हणजे १०१. दुसऱ्याचे १८ बरोबर, पण ३ मिनिटांत: ९० अधिक १२, म्हणजे १०२. दोन उत्तरं चुकवून हा पहिला! खालच्या टोकाला तर आणखी वाईट. मिनिटभरात डोळे मिटून टिचक्या मारल्या आणि चार पर्यायांच्या हिशेबाने ५ बरोबर आले, तर २५ अधिक १४, ३९. बिचाऱ्याने १२ मिनिटं डोकं खाजवून ७ बरोबर आणले, त्याला ३८.

तर विचारायचंय ते असं. बोनस जास्तीत जास्त किती ठेवावा? तो पूर्ण क्विझच्या वेळेवर द्यावा की प्रश्नागणिक? आणि मूडलमध्ये हे आपोआप होतं का? मला तरी सेटिंग सापडलं नाही. "बोनस देऊच नका" असं म्हणणार असाल तर कारणासकट म्हणा, मी ऐकेन.

आकडेमोड:
मूडलच्या मूळ क्विझमध्ये वेळेवर गुण द्यायची सोय नाही, शोधत बसू नका. निकाल एक्सेलमध्ये उतरवून बाहेर हिशेब करावा लागेल.

बोनस किती, याचं उत्तर सोपं आहे: एका प्रश्नाच्या गुणांपेक्षा कमी. तुमचा प्रश्न ५ गुणांचा, तर कमाल बोनस ४. उरलेला वेळ भागिले एकूण वेळ, गुणिले ४. आता तुमचीच उदाहरणं घ्या. १०० वाल्याला १०० आणि वर ०.२७. ९० वाल्याला ९३.२. टिचकीबहाद्दर २८.७३ वर, डोकं खाजवणारा ३५.८ वर. एक बरोबर उत्तर जास्त असलेला माणूस कितीही सावकाश असला तरी खाली जाऊच शकत नाही. वेळ फक्त बरोबरी फोडते.

आयसीपीसी या प्रोग्रामिंग स्पर्धेत असंच चालतं. आधी किती गणितं सुटली ते बघतात, ती सारखी असतील तरच वेळ. शिवाय सुटलेल्या गणितावर आधी जितके चुकीचे प्रयत्न झाले, त्या प्रत्येकाला २० मिनिटं दंड. घाईची किंमत तिथेच वसूल होते.

प्रश्नपेटी:
हे आवडलं. पण बोनसला बरोबर उत्तरांच्या टक्केवारीने गुणलं तर? म्हणजे २५ टक्के बरोबर असेल तर बोनसही चौथाईच.

आकडेमोड:
गुणा, पण क्रमात काडीचा फरक पडणार नाही. वेगवेगळे गुण असलेल्यांचा क्रम कमाल मर्यादेनेच पक्का झालाय आणि सारखे गुण असलेल्यांना टक्केवारीही सारखीच लागणार. कमाल बोनस ५ च्या वर नेलात, किंवा अर्धवट बरोबर उत्तराला अर्धे गुण देत असाल, तरच गुणाकाराला अर्थ आहे. नाहीतर लोकांना समजावण्यात तुमचा वेळ जाईल तेवढाच.

टिकटिक:
प्रश्नागणिक बोनसबद्दल मी लिहितो, कारण त्यात एक चकवा आहे.

कहूट या ऑनलाइन क्विझच्या खेळाची पद्धत बघा. बरोबर उत्तराला १००० गुण, पण वेळ जाईल तसे कमी होत होत शेवटच्या क्षणी ५००. चुकलं तर शून्य. वरवर गोंडस. पण समजा चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे मला कळलं आणि उरलेल्या दोनांतून मी लगेच एक दाबला. निम्म्या वेळा जवळपास १०००, निम्म्या वेळा ०, म्हणजे सरासरी ५००. ज्याने पूर्ण वेळ घेऊन खात्रीने बरोबर उत्तर दिलं त्यालाही ५००च! अर्धवट माहिती असलेला उतावळा आणि पूर्ण माहिती असलेला सावकाश माणूस एकाच पारड्यात. धमाल खेळ म्हणून उत्तम, नंबर काढायला नाही.

यावर मला पटलेला उपाय नेदरलँड्समधल्या 'रेकनटाउन' या मुलांच्या गणिताच्या संकेतस्थळावर आहे. प्रश्नाखाली नाण्यांची रांग असते, दर सेकंदाला एक नाणं नाहीसं होतं. उत्तर बरोबर, तर उरलेली नाणी तुमची. चूक, तर तेवढीच नाणी तुमच्या खात्यातून वजा! म्हणजे घाईत चुकलं तर दणका मोठा, सावकाश चुकलं तर छोटा. यामागचं गणित मारिस आणि व्हान डर मास या संशोधकांनी २०१२ मध्ये 'सायकोमेट्रिका' या शोधपत्रिकेत मांडलंय. २० नाणी धरा. चार पर्यायांत पहिल्याच क्षणी आंधळा तुक्का मारला तर सरासरी उणे १०. दोन पर्यायांत तुक्का, तर सरासरी शून्य. तुक्क्याचा धंदा बंद.

अर्थात हे पाढ्यांसारख्या झटपट प्रश्नांना शोभतं. उतारा वाचून उत्तर द्यायचं असेल तर नाणी वितळताना बघून माणूस वाचणारच नाही.

प्रश्नपेटी:
नाण्यांची कल्पना भारी आहे, पण आमच्याकडे वजाबाकीचं नाव काढलं की निम्मे लोक क्विझलाच येणार नाहीत. मी पूर्ण वेळेवरच बोनस ठेवते.

सावकाश:
मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, क्विझ सोडवतो, म्हणून दोन शब्द. तुम्ही चार पर्यायांवरून नजर फिरवता, मला ते चारही कानांनी ऐकावे लागतात. लांबलचक पर्याय असले तर उत्तर माहीत असूनही घड्याळ पळत राहतं. वेळेचं बंधन घालताना ते वाढवून मिळायची सोय हवी, हे संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, २००८ पासून आहे. अपवाद आहेत, पण गटाच्या क्विझला त्यांचा आधार घेऊ नका.

मूडलमध्ये 'युझर ओव्हरराइड' वापरून एखाद्याला जास्त वेळ देता येतो. तो द्या आणि बोनसच्या सूत्रात 'एकूण वेळ' म्हणून ज्याची त्याची मुदत धरा. मला ३० मिनिटं दिली आणि मी १५ मध्ये संपवलं, तर निम्मा वेळ उरला, म्हणून बोनस २. सरसकट १५ ने भागलंत तर वाढीव वेळ एका हाताने दिला आणि दुसऱ्याने काढून घेतला.

आणि स्पष्टच विचारतो, बरोबरी झाली तर बिघडलं काय? दोन प्रश्न जरा कठीण घाला, गर्दी आपोआप पांगेल.

प्रश्नपेटी:
सावकाशजी, मुदतीचा मुद्दा खरंच डोक्यात आला नव्हता, सूत्रात घालते. कठीण प्रश्नांचंही पटलं, पण आमच्यातले दोघं-तिघं असे आहेत की कितीही कठीण विचारा, हरत नाहीत. त्यांच्यासाठी बोनस लागेलच.

आता शेवटची अडचण. एक्सेलमधल्या 'लागलेला वेळ' या रकान्याची बेरीज-वजाबाकी होत नाहीये. आणि एकीचं नेट मधेच गेलं होतं, तिची वेळ कशी धरायची?

आकडेमोड:
त्या रकान्यात आकडा नाही, मजकूर असतो, '१२ मिनिटं ३४ सेकंद' अशा धाटणीचा. 'टेक्स्ट टू कॉलम्स'ने रिकाम्या जागांवर तोडा, मिनिटांना ६० ने गुणून सेकंद मिळवा. मिनिटाच्या आत संपवणाऱ्यांच्या ओळीत पहिलाच आकडा सेकंदांचा असतो, तेवढ्या ओळी हाताने तपासा. फार नसतील, आणि जे असतील ते तुमचे टिचकीबहाद्दरच.

नेट गेलं तरी सर्व्हरवरचं घड्याळ चालूच राहतं, मूडल ती वेळ वजा करत नाही. पुढच्या वेळी सगळे प्रश्न एकाच पानावर ठेवा, म्हणजे पानं उघडण्यात सेकंद जाणार नाहीत. आणि नेट गेल्यास काय करणार हे क्विझच्या आधीच लिहून टाका. या वेळच्या ताईंना सारखे गुण असलेल्यांसोबत विभागून नंबर द्या, वाद मिटेल.

प्रश्नपेटी:
विभागून देते. कमाल बोनस ४, ज्याच्या त्याच्या मुदतीच्या प्रमाणात, असा नियम गटावर टाकलाय. पहिली शंका आलीसुद्धा: "४ च का, ५ का नाही?" या धाग्याची लिंक दिली आहे.