मदत हवी आहे : दर तीन महिन्यांनी विभाग बदलतो, पेपर कशावर लिहू?

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन दहा महिने झाले. आमच्याकडे नव्या माणसाला दर तीन महिन्यांनी विभाग बदलून देतात. आधी तांत्रिक, मग संदर्भ, जानेवारी ते मार्च देवघेव (पुस्तकं देणं आणि परत घेणं), आता नियतकालिकं. काम शिकायला ही पद्धत चांगलीच आहे. पण वर्षाला एक शोधनिबंध हवाच, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला लागतो, असं वरून बजावलंय.

देवघेवीला असताना विषय आपणहून समोर आला. निफाडकडचा एक मुलगा अर्थशास्त्राचं पुस्तक अकरा दिवस उशिरा घेऊन आला. पुस्तकाला द्राक्षाच्या पेटीतल्या कागदाचं कव्हर, कोपरे अगदी नीट दुमडलेले. "मॅडम, घरी तोडणी चालू आहे, कॉलेजलाच आलो नाही." मी २२ रुपये दंड घेतला आणि दिवसभर मन खात राहिलं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा, १९३१ पासून आपण सगळे पाठ करतो. आणि नुसतं नूतनीकरण करायला या मुलाने एसटीने दिवस मोडून यायचं? त्या दिवसापासून वहीत लिहायला लागले : गाव, किती दिवस उशीर, कारण. निफाड, दिंडोरी, चांदवड. मार्चअखेर विभाग बदलला आणि वही ६४ नोंदींवर थांबली.

मध्ये दोनदा निबंध छापणाऱ्यांचे फोन आले, "पैसे भरा, तीन दिवसांत छापून देतो." यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे खरं नियतकालिक ओळखायचं कसं तेही कळत नाही. सहकारी म्हणतात, भर पैसे आणि मोकळी हो. मला तसं नाही करायचं.

या ६४ नोंदींवर निबंध उभा राहील का? कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीमधली देवघेवीची माहिती वापरायला परवानगी लागते का?

जुनाग्रंथपाल : ताई, विषय सोडू नका. पण वही एकटी पुरणार नाही. तिच्यात फक्त उशिरा आलेली आणि तुमच्याशी बोललेली मुलं आहेत. कोहातून तीन वर्षांची सगळी देवघेव काढा, जुलै-सप्टेंबर आणि जानेवारी-मार्च शेजारी ठेवा, शहरातली मुलं आणि खेड्यातली मुलं पिनकोडवरून वेगळी करा. वहीतली कारणं त्यानंतर. प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्या, नावं आणि सदस्य क्रमांक काढून टाका. निबंध तपासण्याआधीच पैसे मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांना थेट ईमेल करून विचारा, "तुम्ही खरंच या मंडळात आहात का?" डीआरडीओच्या डेसिडॉक या माहिती केंद्राचं जर्नल आणि 'अ‍ॅनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज' यांचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, आधी ते वाचा. आणि बदली झाली तरी प्रश्न तुमचाच राहतो, विभागाचा नाही.

धागाकर्ती : सर, मनापासून आभार. अर्ज उद्याच देते. एक अडचण आत्ताच दिसली : पिनकोड कोहात भरलेलेच नाहीत, सदस्यत्वाच्या कागदी फॉर्मवर आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत बसून भरायची माझी तयारी आहे, पण कपाटाची किल्ली देवघेवीकडे असते. अर्जात तेही लिहू, की आधी तिथल्या मॅडमशी बोलू?