आधी धडा, मग टीका

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या अभ्यासासाठी पाळक मॅथ्यू हेन्री यांची जुनी टीका (म्हणजे अर्थ उलगडणारं भाष्य) पुरेल का, असं एकाने विचारलंय. मननाला उत्तमच, फुकटही मिळते. पण हेन्री १७१४ मध्ये वारले तेव्हा त्यांचं लेखन रोमकरांसच्या आधीच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकापर्यंतच झालं होतं. रोमकरांसपासून पुढचं इतर पाळकांनी पुरं केलं. म्हणजे तुम्ही वाचणार ते पूर्णपणे हेन्रींचं नाहीच! बायबलमधल्या यशया या पुस्तकाला तर जुनी टीका एकटी घेऊच नका, मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्या, ज्यांत यशयाची फार जुनी प्रत आहे, १९४७ पासून सापडल्या, म्हणजे त्या टीकेनंतर. नागपुरात सदरला आमचा गट बसतो. एकाने टीकांचा अख्खा संच आणला, कपाटात धूळ खातोय. त्यापेक्षा एका पुस्तकावरची एकच नवी टीका घ्या. आणि आधी मराठीतून धडा दोनदा वाचा, टीका नंतर उघडा.