‘फ्यूड’ म्हणजे नेहमी ‘वैर’च का?

जुन्या हॉलिवूडमधल्या ताऱ्यांच्या भांडणांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘फ्यूड’ला सगळीकडे ‘वैर’ लिहिलं, पण वाचताना खटकतंय. सख्ख्या बहिणींचं, सहकलाकारांचं आणि पोस्टरवरच्या नावावरून झालेलं, सगळं एकच वैर कसं? आणि ‘टॉप बिलिंग’ला, म्हणजे पोस्टरवर पहिलं नाव मिळण्याला, काय म्हणावं? ‘अग्रनामांकन’ सुचलं, पण ते परिपत्रकातलं वाटतं.

–––

तुमचा कान बरोबर सांगतोय. ‘वैर’ पिढ्यान्‌पिढ्या चालतं, त्यात रक्त सांडतं. इथे प्रत्येक जोडीला वेगळा शब्द लागेल.

बेटी डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड यांचा ‘छत्तीसचा आकडा’. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात, पण शेजारी शेजारी. या दोघी १९६२ मध्ये ‘व्हॉटएव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?’मध्ये तशाच एकत्र आल्या. ऑस्करचं नामांकन मिळालं एकट्या डेव्हिसला. पुरस्कार मात्र गेला अ‍ॅन बॅन्क्रॉफ्टकडे. ती न्यूयॉर्कला होती, म्हणून तिच्या वतीने मंचावर जाऊन तो स्वीकारला क्रॉफर्डने! या एका प्रसंगासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: ‘कुरघोडी’. तिथे ‘वैर’ लिहिलंत तर सगळी चव जाईल.

ऑलिव्हिया डी हॅविलंड आणि जोन फॉन्टेन या अभिनेत्री बहिणींसाठी मी ‘वितुष्ट’ लिहीन. जिथे आधी जिव्हाळा होता, निदान असायला हवा होता, तिथेच वितुष्ट येतं. परक्यांमध्ये ते येत नाही. सव्वा वर्षाच्या अंतराने टोकियोत जन्मलेल्या या बहिणींना १९४१च्या चित्रपटांसाठी एकदमच ऑस्करचं नामांकन मिळालं आणि जिंकली धाकटी, फॉन्टेन. थोरलीने पुढे दोनदा ऑस्कर मिळवलं. १९७५ मध्ये आई गेली, त्यानंतर दोघींत ‘अबोला’. हा शब्द जरूर वापरा, इतका घरातला शब्द दुसरा नाही. ‘भाऊबंदकी’ मात्र नको, तिच्यात वाटणीचा वास येतो.

जाता जाता: १९६४ मध्ये डेव्हिसबरोबरचा पुढचा चित्रपट क्रॉफर्डने आजारपणामुळे सोडला, तेव्हा तिच्या जागी आली ती हीच ऑलिव्हिया.

–––

लुएला पार्सन्स आणि हेडा हॉपर या स्तंभलेखिकांचा उल्लेख येणारच. त्यांना ‘गॉसिप लेखिका’ म्हणा, पण एखाद्या ठिकाणी ‘कळ लावणे’ हा वाक्प्रचार वापरून बघा. चपखल बसेल.

‘टॉप बिलिंग’साठी माझं मत ‘मानाचं पान’. पंगतीत पहिलं पान कुणाचं यावरून लग्नं अडायची, तोच हा मानपान. १९७४च्या ‘द टॉवरिंग इन्फर्नो’त स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन, दोघांनाही पहिलं नाव हवं होतं. तोड अशी निघाली की मॅक्वीनचं नाव डावीकडे पण खाली, न्यूमनचं उजवीकडे पण वर. डावीकडून वाचलं तर एक पहिला, वरून वाचलं तर दुसरा. याला वैर कसं म्हणणार? ही ‘अहमहमिका’. ‘मी, मी’ हे त्या शब्दातच आहे.

–––

‘पडद्यामागचे कलाकार’ लिहिताना एक सांभाळा. हा शब्द आपल्याला नाटकाने दिला. नाटकात पडद्यामागे खरोखरच माणसं राबतात, सिनेमात ती कॅमेऱ्यामागे असतात. शब्द रुळलाय, राहू द्या. पण ‘स्टँड-इन’ला ‘बदली कलाकार’ लिहू नका, कळकळीची विनंती आहे. बदली कलाकार प्रयोगात भूमिका करतो. स्टँड-इन पडद्यावर दिसतच नाही. प्रकाशयोजना जमेपर्यंत नटीच्या जागी तिच्याच उंचीची, तिच्याच रंगरूपाची बाई दिव्यांच्या उष्ण झोतात उभी राहायची, आणि कॅमेरा सुरू होताना बाजूला व्हायची. मी ‘प्रकाशासाठी उभी राहणारी’ असं सरळ लिहीन. लांब झालं तरी चालेल, तिचं काम तरी कळेल.